पजेरो एसएफएक्स, ४एम४०: जपानचं जुनं इंजिन टाकू की आहे तेच बांधून घेऊ?

घाटवाट (चिपळूण)

नमस्कार मंडळी. गाडी पजेरो एसएफएक्स, २००७ची, २.८ डिझेल (मित्सुबिशीचं ४एम४० इंजिन), मॅन्युअल. मीटरवर २ लाख ४० हजार. वडिलांनी घेतलेली गाडी आहे, त्यामुळे विकून टाकण्याचा सल्ला देऊ नका. तो घरात रोज फुकट मिळतो.

गेल्या महिन्यात कुंभार्ली घाट चढताना हीटरचा होज फुटला. काटा वर चढलेला दिसताच गाडी बाजूला घेतली आणि तिथून ओढूनच खाली आणली. होज बदलला, पाणी भरलं, गाडी चालूही झाली. पण आता सकाळच्या पहिल्या सेल्फला पांढरा धूर येतो, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून रेस दिली की बुडबुडे येतात आणि पाणी सारखं कमी होतं. ऑइल अजून पाणी मिसळून दुधाळ झालेलं नाही. ऑइल भरायचं झाकण काढलं की फुसफुस येते, पण ती आधीही थोडी होतीच.

इथले मिस्त्री म्हणतात हेड (सिलिंडरांवरचं झाकण) गेलं, या इंजिनाचं हेड जातंच, उघडत बसू नका. त्यांनीच कुर्ल्याच्या एका व्यापाऱ्याशी बोलणं करून दिलं. 'जपान इम्पोर्टेड, ८० हजार किलोमीटर चाललेलं' ४एम४०, किंमत १ लाख ४५ हजार, बसवायचे ३५ हजार वेगळे. चालू करून दाखवणार, वॉरंटी एक महिना, तीही फक्त 'स्टार्टिंग'ची. दुसरीकडे पुण्याच्या एका गॅरेजने फोनवर सांगितलं, नवीन हेड टाकून पूर्ण इंजिन बांधायला २ लाख ६० हजार.

आकडे बघितले तर जपानचं इंजिन स्वस्त. शिवाय कंपनीत बांधलेलं. आपला कल तिकडे आहे. कुणी केलंय का? आरटीओचं काय होतं?

बुलेटराजा

एसएफएक्स! काढा फोटो आधी. बाकी मला डिझेलातलं काही कळत नाही.

उद्यमनगरकर (कोल्हापूर)

घाटवाट, एक सांगा. इंजिन उघडलं कुणी? तुमच्या मजकुरात मला ते कुठं दिसलं नाही. न उघडलेल्या इंजिनावर दोन माणसांनी दोन किमती सांगितल्या आणि तुम्ही त्या किमती समोरासमोर ठेवून बसलाय.

मी शिवाजी उद्यमनगरात इंजिनाच्या सिलिंडरांचं बोअरिंग करायचं मशीन चालवतो. वडील पाण्याच्या पंपाची ऑइल इंजिनं करायचे, मी गाड्यांची करतो. म्हणजे तुम्ही इंजिन बांधलंत तर माझ्यासारख्याचं पोट भरतं, हे धरूनच पुढचं वाचा.

पहिलं त्या 'इम्पोर्टेड'चं बघू. जपानात पजेरोला हे ४एम४० बसलं १९९३ला. १९९९ला तिकडं पुढची पजेरो आली, तिला ३.२चं ४एम४१. आपल्याकडं हिंदुस्तान मोटर्स मात्र जुन्याच पिढीची गाडी ४एम४० घालून तिरुवल्लूरला जोडत राहिली, ती २०१२पर्यंत. आता हिशेब तुम्हीच मांडा. जपानच्या बाजारातल्या पजेरोतून निघालेलं ४एम४० म्हणजे १९९९च्या अलीकडचं असायचं कारणच नाही. तुमचं इंजिन २००७चं. तरण्या गड्याला आजोबाचं काळीज बसवायला निघालाय, आणि वर आजोबा फार हिंडलेले नाहीत असं व्यापारी सांगतोय. ८० हजार हा आकडा कुठल्या कागदावर आहे? मीटर गाडीला असतो, इंजिनाला नसतो.

डेलिका स्पेस गिअर नावाच्या मित्सुबिशीच्या व्हॅनलाही हेच इंजिन होतं आणि कँटर ट्रकलाही. ४एम४० म्हटलं की ही सगळी भावंडं आली. ब्लॉक तोच, पण चेंबर (खालची ऑइलची टाकी), ब्रॅकेट, टर्बोची बाजू बघून घ्यावी लागते. कँटरचं तर विनाटर्बोचंही मिळतं. 'सगळं बसतंय साहेब' असं व्यापारी म्हणतो तेव्हा ते बसवायची मजुरी तुमच्या खिशातून जाणार असते. आणि कुणी 'दुबईचं' म्हणालं तर सरळ उठा. आखातातल्या पजेरो बहुतेक पेट्रोल व्ही-सिक्स. तिथून डिझेल ४एम४० कंटेनर भरभरून येतंय हे मला तरी पटत नाही.

तिसरी एक जात आहे, तिच्याबद्दल बाजारात कुणी बोलत नाही. दिल्लीच्या पट्ट्यात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली, २०१८ला सुप्रीम कोर्टानं ती कायम ठेवली. तिथल्या एसएफएक्स एक तर एनओसी घेऊन बाहेर गेल्या, नाही तर मायापुरीच्या भंगारबाजारात तुटल्या. त्यातलं इंजिन धुऊन, काळा-चंदेरी रंग मारून 'जपान' म्हणून उभं केलेलं मी बघितलंय. ते वाईट असतं असं नाही. तुमच्याच गाडीचं, तुमच्याच वयाचं, एका अर्थी जपानपेक्षा बरं. पण मग त्याला किंमत दिल्लीची द्या, जपानची नको.

आता 'चालू करून दाखवतो'. हे मी रोज बघतो. जमिनीवर टायरवर ठेवलेलं इंजिन, बाटलीतून डिझेल, रेडिएटर नाही. दोन मिनिटं चालवतात, कारण त्यापुढं तापेल. आत जाड ऑइल भरलेलं. थंड इंजिन आणि जाड ऑइल असलं की फुसफुस दबते, खडखड दबते. तुमच्या हेडला जी चीर आहे म्हणतात तीसुद्धा त्या दोन मिनिटांत दिसली नसती. चीर उघडते ती इंजिन तापल्यावर, लोडवर.

बरं, कॅमेरा घालून बघतो म्हणाल, तर तेही या इंजिनाला जमत नाही. पेट्रोल गाडीला प्लग काढला की थेट सिलिंडर दिसतो. हे जुन्या पद्धतीचं, आधी छोट्या कप्प्यात डिझेल पेटवणारं इंजिन. ग्लो प्लगचं भोक आणि नोझलचं भोक दोन्ही त्या कप्प्यात उघडतात. कॅमेरा तिथंच अडतो. बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, बघायचं तर वरून हेड काढा, नाही तर खालून चेंबर काढून बघा. आणि बोअर बघायलाच हवं, कारण वर्षानुवर्षं पडून असलेल्या इंजिनात एखाद्या सिलिंडरचे वॉल्व्ह उघडे राहिलेले असतात, तिथून दमट हवा जाते. आधी समुद्र, मग कुर्ल्याचा पावसाळा. त्या एका बोअरला गंजाचा पट्टा बसतो. रिंगा त्यावरून फिरल्या की ऑइल प्यायला सुरुवात, आणि तोवर तुमचा 'स्टार्टिंग वॉरंटी'चा महिना संपलेला.

म्हणजे शहाण्या माणसानं जपानचं इंजिन घेतलं तरी ते उघडायचं असतं. हेड काढून बघायचं, क्रँकची, म्हणजे पिस्टननं फिरणाऱ्या खालच्या दांड्याची, मेन आणि बिग एंडची बेअरिंग काढून बघायची, पुढचं-मागचं ऑइल सील, चेन, टेन्शनर, वॉटर पंप, सगळी पॅकिंग नवीन. मग १ लाख ४५ हजारात काय वाचलं?

आता तुमचं इंजिन. मिस्त्रींना सांगा, हेड उतरवा. तेवढ्याला इंजिन खाली काढायला लागत नाही. हेड मशीन शॉपला न्या. डोळ्यांनी बघून कुणी 'क्रॅक' म्हणालं तर मानू नका. वॉल्व्हच्या दोन सीटांच्या मधे केसासारखी रेघ या हेडांना पुष्कळदा दिसते, आणि प्रत्येक रेघेतून पाणी जातंच असं नाही. पाण्याच्या वाटा बंद करून, हेड गरम पाण्याच्या टाकीत बुडवून हवेचं प्रेशर द्यायचं. बुडबुडा आला तर हेड गेलं. नाही आला तर कदाचित हेड आणि ब्लॉकमधलं नुसतं गॅस्केट फुंकलंय, आणि तुमचा सगळा प्रश्न फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं), गॅस्केट आणि बोल्टवर मिटतो. फेसिंगलाही मर्यादा असते, ॲल्युमिनियमचं हेड आहे, कितीही घासता येत नाही. वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतील. पाण्याच्या वाटेवरच्या चिरेला मी तरी वेल्डिंग करत नाही.

हेड उतरलेलंच आहे तर ब्लॉकवर सरळ पट्टी टाकून फीलर गेज घालून बघा. तापलेल्या इंजिनात हेड आधी वाकतं, बिडाचा ब्लॉक सहसा टिकतो. मग बोअर गेज. मूळ बोअर ९५ मिलिमीटर. चारही सिलिंडर, वर-मध्ये-खाली, आडवं-उभं, सगळी मापं कागदावर लिहून मागा. 'बोअर चांगला आहे' हे वाक्य म्हणजे माप नव्हे. वरच्या बाजूला, जिथं पहिली रिंग वळते, तिथं झीज सगळ्यात जास्त असते. झीज मर्यादेत असली तर होनिंग (बोअरवर बारीक रेघा मारणं) आणि त्याच मापाच्या नवीन रिंगा. नसली तर बोअर वाढवून ५० ओव्हरसाइझ, म्हणजे अर्धा मिलिमीटर मोठे, पिस्टन. तुमची फुसफुस, म्हणजे रिंगांजवळून खाली गळणारी हवा, आधीपासून आहे म्हणताय, त्यामुळे मला वाटतं रिंगांपर्यंत तरी जावं लागेल.

क्रँक बघायला मात्र इंजिन उतरवावं लागेल. २ लाख ४० हजाराला, ऑइल वेळेवर बदललं असेल तर, क्रँक ग्राइंडिंगशिवाय निघायला हरकत नाही. उगाच ग्राइंड करू देऊ नका. काही लेथवाले 'आता उघडलंच आहे' म्हणून पंचवीस पॉइंट (पाव मिलिमीटर) घासून टाकतात. माप बरोबर असेल तर क्रँक पॉलिश करून नवीन स्टँडर्ड बेअरिंग.

सामान जपानी मिळतं. बेअरिंग टायहो, रिंगा रिकेन किंवा एनपीआर, पिस्टन इझुमी. हेड नवीन घ्यायची वेळ आली तर स्पेनचं एएमसी येतं. डबा बघून घ्या, डुप्लिकेट भरपूर आहे. बोअरिंग, होनिंग, हेडची टेस्ट, सगळी मशिनिंगची मजुरी धरली तरी वीस हजाराच्या आत राहायला हवी. खरा पैसा सामानात जातो, त्यातही हेडमध्ये. पुण्याच्या गॅरेजनं २ लाख ६० हजार सगळंच गेलंय असं धरून सांगितलेत. माप घेतल्यावर तो आकडा खाली येऊ शकतो. वर जाणं अवघड आहे, कारण त्यात सगळं धरलेलंच आहे.

आणि कुठलंही इंजिन टाका, रेडिएटर उघडून कोर साफ करा किंवा नवीन घाला, थर्मोस्टॅट नवीन, पंख्याचा व्हिस्कस क्लच तपासा, सगळे होज एकदम बदला. नाही तर पुढच्या उन्हाळ्यात त्याच घाटात हीच चर्चा.

जपानचं इंजिन मी कधी घ्यायला सांगतो? कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला, क्रँक तुटला, ब्लॉकला पाण्याच्या वाटेवर चीर गेली, तेव्हा. तुमच्या वर्णनात यातलं काही नाही.

द्राक्षबाग (निफाड)

उद्यमनगरकरांचं सगळं वाचलं. माणूस जाणकार आहे यात वाद नाही. पण काका, सगळ्या महाराष्ट्रात उद्यमनगर नाही.

माझीही एसएफएक्स. आधी मी तुम्ही म्हणता तेच केलं होतं, जवळच्या गावात इंजिन बांधून घेतलं. बोअर केला पण होनिंग असं केलं की आरशासारखा गुळगुळीत. रिंगा बसल्याच नाहीत. ऑइल प्यायची ती प्यायचीच. हेडचे बोल्ट जुनेच, टॉर्क रेंच गॅरेजात नव्हताच, हाताच्या अंदाजाने आवळले. परत उघडायला लागलं. दोनदा पैसे गेले आणि हंगामात गाडी दारात उभी.

त्यानंतर वैतागून इम्पोर्टेड टाकलं. तीन वर्षं झाली, द्राक्षं मुंबईला, पोरं नाशिकला, सगळं त्याच्यावर. ऑइल हलत नाही. कंपनीच्या हाताने बांधलेलं जुनं इंजिन हे गावच्या हाताने बांधलेल्या नव्या इंजिनापेक्षा चांगलं, हा माझा अनुभव. ज्याच्या आसपास चांगला मशीन शॉपवाला नाही त्याने काय करायचं?

अर्थात सांगितलेल्या पैशात झालं नाही, ते खरं. आलेलं इंजिन ऑटोमॅटिक गाडीतलं निघालं. मागे फ्लायव्हीलच्या जागी पातळ प्लेट, आणि क्रँकच्या टोकाला गिअरबॉक्सच्या शाफ्टचं छोटं बेअरिंग असतं ते नाहीच. जुन्या इंजिनाचं फ्लायव्हील घासून लावलं, बेअरिंग नवीन घातलं. डिझेल पंपही आमचाच लावला, कारण आलेल्या पंपाच्या वायरी आमच्या गाडीच्या वायरिंगशी जुळेनात. घाटवाट, जुनं इंजिन पूर्ण बसून चालू होईपर्यंत भंगारात देऊ नका. व्यापारी 'बदल्यात दहा हजार कमी करतो' म्हणेल, तरी देऊ नका.

नागोयाकर

मी आइची प्रांतात राहतो, गाड्यांच्याच सुट्या भागांच्या कंपनीत आहे. इकडची बाजू थोडी सांगतो.

जुनी इंजिनं इथून का निघतात? एक तर शाकेन, म्हणजे गाडीची सरकारी तपासणी. नवीन गाडीला तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी. प्रत्येक वेळी कर, विमा, दुरुस्ती धरून मोठा खर्च येतो, म्हणून लोक चालती गाडी सोडून देतात. त्यामुळे जपानी इंजिन कमी चाललेलं असतं हा समज मुळात चुकीचा नाही. दुसरं कारण डिझेललाच लागू आहे. २००१च्या सुधारित कायद्याने टोकियो-ओसाकाबरोबर आमचा आइची आणि शेजारचा मिए हे प्रांतही धूर-नियंत्रणाच्या पट्ट्यात आले, आणि जुन्या डिझेल गाड्यांची सवलतीची मुदत संपली की या पट्ट्यात त्यांची नोंदणी पुढे चालू ठेवता येईना. त्या काळात डिझेल पजेरो इथून मोठ्या प्रमाणावर बाहेर गेल्या, बऱ्याचशा आख्ख्या.

म्हणजे 'चांगल्या कारणासाठी काढलेल्या' डिझेल पजेरोंची लाट येऊन गेली, तिलाही आता बरीच वर्षं झाली. आज जे ४एम४० निघतं ते डोंगराळ भागातल्या, शेवटपर्यंत वापरलेल्या गाडीतलं असण्याची शक्यता जास्त. बर्फाच्या प्रदेशातल्या गाड्यांना रस्त्यावरच्या मिठाचा गंज असतो. इंजिनाचे ब्रॅकेट आणि चेंबरचा पत्रा बघा, तिथे तो आधी दिसतो.

इथल्या तोडणीवाल्यांकडे गाडीचा चेसिस नंबर असतो. व्यापाऱ्याकडे मागा. चेसिस नंबरावरून गाडीचं साल, टर्बो, ऑटोमॅटिक की मॅन्युअल सगळं कळतं. व्ही-४६ ने सुरू होत असेल तर पजेरो. तो नंबर नाही म्हणाला, तर ८० हजार किलोमीटरही त्याला माहीत नाहीत.

जाता जाता, पजेरो बनायची तो साकाहोगीचा कारखाना इथून जवळच, गिफू प्रांतात. २०२१ला बंद झाला.

उद्यमनगरकर (कोल्हापूर)

द्राक्षबाग, तुमचं म्हणणं खोटं नाही. गुळगुळीत होनिंगवाले सगळीकडं आहेत, कोल्हापुरातही आहेत. होनिंगच्या रेघा एकमेकींना छेदून तिरक्या जाळीसारख्या दिसायला हव्यात, त्या रेघांत ऑइल थांबतं. पण मग उत्तर काय? बोअर आणि हेड चांगल्या शॉपला पाठवायचं, बांधणी जवळच्या मिस्त्रीनं करायची. ब्लॉक टेम्पोत टाकून चिपळूणहून कोल्हापूर, पुणे कुठंही जातो. गाडी यायची गरज नाही. कोकणातनं असे ब्लॉक माझ्याकडं कायम येतात.

बांधताना मिस्त्रीवर दोन गोष्टींसाठी उभं राहायचं. पिस्टन वरच्या टोकाला आल्यावर ब्लॉकच्या वर किती निघतो ते डायल लावून मोजायचं आणि त्या मापाच्या जाडीचं गॅस्केट घ्यायचं. 'ओरिजिनल गॅस्केट' एवढं म्हणून चालत नाही, जाड्या वेगवेगळ्या येतात. आणि हेडचे बोल्ट नवीन, टॉर्क रेंचनं, पुस्तकातल्या क्रमानं. गॅरेजात टॉर्क रेंच नसेल तर गॅरेज बदला. तुम्ही इंजिन बदललंत, त्यापेक्षा ते स्वस्त पडलं असतं.

पासिंगवाला (सातारा)

आरटीओचं कुणी पूर्ण सांगितलं नाही म्हणून लिहितो.

आरसीवर इंजिन नंबर असतो. इंजिन बांधलं, ब्लॉक तोच राहिला, तर नंबर तोच. कुणाला काही सांगायचं नाही. दुसरं इंजिन टाकलं की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागतं. आधी परवानगी घ्यायची. बदल परवानगीशिवाय झाला असेल तर १४ दिवसांत कळवायचं. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं, त्याच इंधनाचं इंजिन असेल तर मार्ग सोपा. पण साहेब कागद मागतात. विकणाऱ्याचं जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर इंजिन नंबर. बाहेरून आलेलं असेल तर कस्टमची बिल ऑफ एंट्री. कच्च्या चिठ्ठीवर काम होत नाही. आता कुर्ल्यातल्या व्यापाऱ्याला बिल ऑफ एंट्री मागून बघा, तिथेच अर्धी चौकशी होते.

तुमची गाडी २००७ची, म्हणजे १५ वर्षं २०२२ला झाली आणि पुढच्या ५ वर्षांसाठी पासिंग केलंय. २०२७ला परत न्यावी लागणार. तेव्हा इन्स्पेक्टर चेसिस आणि इंजिन नंबर बघतो. अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअरही बघतो.

काही मिस्त्री सांगतात, जुना नंबर नव्या ब्लॉकवर ठोकून देतो, हजार रुपये द्या. हे कधीही करू नका. तो फौजदारी गुन्हा आहे. आणि नंबर घासलेलं इंजिन कितीही स्वस्त मिळालं तरी हात लावू नका, ते चोरीच्या गाडीचं असू शकतं.

घाटवाट (चिपळूण)

सगळ्यांचे आभार. व्यापाऱ्याला फोन करून चेसिस नंबर आणि बिल ऑफ एंट्री दोन्ही विचारलं. तो म्हणाला, "साहेब, तुम्हाला इंजिन घ्यायचंय की पीएचडी करायचीय?" मग १ लाख २० हजारावर आला. मग फोन बंद.

मिस्त्रींना न आवडता हेड उतरवायला लावलं, आणि मग इंजिनही. हेड कराडला टेस्ट केलं. दोन आणि तीन नंबरच्या मधे चीर आहे आणि पाण्यात बुडबुडे येतात, म्हणजे हेड गेलंच. गॅस्केटही तिथेच जळलेलं. ब्लॉकचा पृष्ठभाग सरळ आहे. बोअर लिहून आणलेत: तीन सिलिंडर ठीक, चार नंबर वरच्या बाजूला गोलाई सोडून गेलाय, मर्यादेच्या बाहेर. क्रँक स्टँडर्ड, एक ओरखडाही नाही. बेअरिंगचा वरचा थर झिजून तांबं दिसायला लागलं होतं, पण क्रँकपर्यंत गेलं नव्हतं. चेनचा गाइड मात्र फार खाल्लेला.

आता मिस्त्री म्हणतात फक्त चार नंबर ओव्हरसाइझ करू, बाकी तिघांना नवीन रिंगा. आणि हेड नवीन घ्यायच्या ऐवजी त्याच कुर्ल्यातून जपानचं जुनं हेड २५ हजाराला आणू. चालेल?

उद्यमनगरकर (कोल्हापूर)

दोन्हींना नाही.

एक पिस्टन मोठा, तीन छोटे असं इंजिन चालतं, पण पिस्टनांची वजनं वेगळी पडतात. या इंजिनाला हादरे मारायला बॅलन्स शाफ्ट दिलेत, कंपनीनं एवढा खर्च केलाय त्याचा मान ठेवा. शिवाय वाचतं काय? पिस्टन सेटमध्येच घेतलेले बरे पडतात. चारही ५० ओव्हरसाइझ करा. बोअर करायच्या आधी पिस्टन हातात पाहिजेत. पिस्टन मोजून त्यावर बोअर करायचा असतो, नंतर आणलेला पिस्टन 'बसवून' घ्यायचा नसतो. जो शॉपवाला पिस्टन न मागता बोअर करतो त्याच्याकडनं ब्लॉक उचलून आणा.

जुनं हेड तर मुळीच नको. या इंजिनात सगळ्यात कमजोर भाग हेडच, आणि तोच तुम्ही पंचवीस-तीस वर्षं वापरलेला आणणार? आणायचंच असेल तर टेस्टिंगचे पैसे व्यापाऱ्याकडनं घ्या, बुडबुडा आला तर परत, असं लिहून घ्या. तो लिहून देणार नाही. नवीन एएमसी घ्या. नुसतं हेड येतं आणि वॉल्व्ह-स्प्रिंगसकट जोडलेलंही येतं. नुसतं स्वस्त असतं, पण तुमचे जुने वॉल्व्ह त्यात बसवायचे तर सीटिंग करायला लागणार आणि वॉल्व्हच्या गाइडमधला ढिलेपणा बघायला लागणार. तुमचे वॉल्व्ह २ लाख ४० हजाराचे आहेत, दोन्हींच्या किमतीतला फरक विचारून मग ठरवा.

चेन, गाइड, टेन्शनर तिन्ही नवीन. टर्बोच्या शाफ्टला हातानं हलवून बघा. मागं-पुढं किंचित चालतं, बाजूला पंखा घराला घासायला नको. नोझल टेस्टरवर लावून घ्या.

चालू केल्यावर उभ्या गाडीत तास-तास आयडलिंग करत बसू नका, लोक करतात. रिंगा बसायला लोड लागतो. पहिल्याच दिवशी रस्त्यावर काढा, वेग कमी-जास्त करत, ताण न देता. हजार किलोमीटरला ऑइल-फिल्टर बदला.

ब्लॉक इकडं पाठवणार असाल तर मेन बेअरिंगच्या कॅप त्याच क्रमानं, त्याच दिशेनं बोल्ट लावून पाठवा. मागच्या खेपेस कोकणातनं एकाच्या कॅप पिशवीत आल्या होत्या, वर नंबर नाहीत. अर्धा दिवस त्यातच गेला.